बोटावरचा आकडा लिहिण्याआधी लहर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कपाशीवरच्या फवारणीचे दिवस आले की विदर्भातल्या उपकेंद्रांत गर्दी बदलते. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी अशा तक्रारी घेऊन वावरातला मजूर सरळ दवाखान्यात येतो. सिस्टर त्याच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावतात, ९७ किंवा ९८ असा रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा दिसतो, तो नोंदवहीत उतरतो आणि चिमटा परत खणात जातो. कोरोनाच्या काळात हे यंत्र गावोगाव पोहोचले ही फार चांगली गोष्ट झाली. सुई न टोचता, रक्त न काढता, नुसत्या प्रकाशाने शरीराच्या आतली खबर देणारे इतके स्वस्त साधन ग्रामीण भागात दुसरे नाही. पण यंत्र पोहोचले आणि ते वाचायचे कसे हे मात्र पुरते पोहोचले नाही. अशी उपकरणे दुरुस्त करणे आणि ती वापरायला शिकवणे हे आमचे काम आहे, म्हणून हे पत्र. म्हणणे एकच आहे : पडद्यावरचा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. आकड्याखाली जी नाडीची लहर धावते ती स्वच्छ असेल, तरच आकड्याला अर्थ आहे.

चिमटा उघडून आत पाहिले तर वरच्या बाजूला दोन बारीक दिवे असतात आणि खाली प्रकाश टिपणारी एक काळसर खिडकी. एक दिवा लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे उलट. हे दोन दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीने लागतात, मध्ये काही क्षण दोन्ही बंद राहतात आणि तेवढ्या वेळात यंत्र बाहेरचा उजेड मोजून वजा करते. आता बोटातून पलीकडे जो प्रकाश पोहोचतो त्याचा बहुतेक भाग कातडी, हाड, मांस आणि नीलेतले रक्त यांतून आलेला असतो आणि तो स्थिर असतो. ठोक्यागणिक कमीजास्त होणारा भाग असतो एक-दोन टक्क्यांचा. ती हालचाल धमनीतल्या रक्ताची, आणि यंत्र हिशेब करते तो फक्त तिचा. जपानच्या निहॉन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती शोधली. त्याआधी कानातून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजायचे प्रयोग झाले होते, पण कातडीचा आणि मांसाचा हिशेब वेगळा काढता येत नव्हता.

लाल प्रकाशातला चढउतार आणि अवरक्तातला चढउतार यांचे गुणोत्तर ०.४ च्या आसपास आले की यंत्र १०० टक्के दाखवते. गुणोत्तर १ आले की ८५. ढोबळ सूत्र आहे ११० वजा २५ गुणिले गुणोत्तर. हा ८५ लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

एक-दोन टक्क्यांच्या हालचालीवर सगळी मदार असल्यामुळे यंत्र कशाकशाने फसते ते सहज कळते. सर्वांत मोठे कारण थंड हात. रब्बीत रात्रीच वीज येते, गव्हाला-हरभऱ्याला पाणी देणारा माणूस पहाटे ओल्या, गारठलेल्या हातांनी दवाखान्यात येतो. बोटातल्या धमन्या आकसलेल्या असतात, ठोक्याचा इशारा अगदी क्षीण होतो आणि आकडा ८८, ९१, ८६ असा भरकटतो. हात चोळून, कोमट पाण्यात धरून, कोरडा करून पाच मिनिटांनी पुन्हा लावला की तोच माणूस ९७ वर स्थिर होतो. दुसरे कारण थरथर. विषबाधेत स्नायू फडफडतात, तापात हुडहुडी भरते. हालचालीचा गोंधळ लाल आणि अवरक्त दोन्ही प्रकाशांत सारखाच मिसळतो, गुणोत्तर १ कडे सरकते आणि आकडा ८५ कडे ओढला जातो. तिसरे ऊन. ओसरीत किंवा झाडाखाली शिबिर भरते, बोटावर थेट ऊन येते, आणि उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. बोटावर रुमाल टाकला तरी हा दोष जातो. आणखी एक साधी गोष्ट : ज्या हाताला बीपीचा पट्टा बांधला आहे त्याच हाताला चिमटा लावू नये. पट्टा फुगला की खाली रक्तच पोहोचत नाही.

नखांवरचा निळा, हिरवा, काळा रंग आकडा काही टक्क्यांनी खाली आणू शकतो. लाल मेंदीने सहसा बिघडत नाही, पण काळी मेंदी दाट असेल तर यंत्र काहीच वाचत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा असतात, नखात माती असते. आधी साबणाने हात धुवायला सांगणे हाही मोजमापाचाच भाग समजावा.

मोजायची रीत फार अवघड नाही. रुग्णाला पाच मिनिटे बसू द्या. हात छातीच्या उंचीला, टेबलावर टेकवलेला. मधले किंवा तर्जनीचे बोट शेवटपर्यंत आत, नख दिव्याच्या बाजूला. निदान ३० सेकंद, शक्यतो एक मिनिट थांबा. यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवते, शिवाय फुप्फुसातून निघालेले रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून ऑक्सिजन लावल्याबरोबर आकडा चढत नाही आणि श्वास अडकल्याबरोबर उतरतही नाही. मग लहर बघा. प्रत्येक ठोक्याला एक चढण, उतरणीवर बारीकशी खाच, आणि सगळे ठोके एकसारखे, ही चांगली लहर. करवतीच्या दातांसारखी, तुटक किंवा सपाट लहर असेल तर आकडा लिहूच नका. लहरीच्या उंचीवर मात्र विसंबू नये, कारण बऱ्याच यंत्रांत क्षीण लहरही आपोआप ताणून मोठी करून दाखवली जाते. खरा जोर कळतो तो पीआय (परफ्युजन इंडेक्स, म्हणजे ठोक्याच्या इशाऱ्याचे प्रमाण) या आकड्यावरून. तो ०.५ च्या खाली असेल तर बोट बदला, हात गरम करा, पुन्हा लावा. शेवटी यंत्रावरची नाडी आणि मनगटावर बोटांनी मोजलेली नाडी ताडून पाहा. दोन्हींत चार-पाच ठोक्यांपेक्षा जास्त फरक पडला तर यंत्र धमनी सोडून भलतेच काही मोजते आहे.

खुद्द यंत्राची तपासणी उपकेंद्रातही होते. चिमटा उघडा धरून आत लाल ठिपका दिसतो का पाहावे. अवरक्त दिवा दिसणार नाही, पण मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्यावर धरला तर बहुतेक फोनमध्ये तो फिकट जांभळा ठिपका होऊन दिसतो, जसा टीव्हीच्या रिमोटचा दिसतो. काळसर खिडकीवर तेल, हळद, मातीचा थर आणि कापसाचे तंतू बसलेले असतात. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या बोळ्याने ती पुसावी, यंत्र स्पिरिटमध्ये बुडवू नये. रबराच्या गाद्या कडक होऊन चिरल्या की बोट नीट बसत नाही आणि बाजूने प्रकाश निसटतो. चिमट्यात लाकडी पेन्सिल अडकवून, हात न लावता, टेबलावर ठेवावे. तरीही स्थिर आकडा आणि नाडी दाखवत असेल तर ते यंत्र मोडीत काढावे. कोरोनात असा माल बाजारात आला होता. आणि महिनाभर वापर नसेल तर दोन्ही सेल काढून ठेवावेत. परत येणाऱ्या यंत्रांत सेल पाझरून हिरवे पडलेले टोक हा सर्वांत नेहमीचा आजार आहे, आणि तो एका मिनिटाच्या कामाने टळतो.

येथे निविदा काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. ऑक्सिमीटरचे दरवर्षी ‘कॅलिब्रेशन प्रमाणपत्र’ मागितले जाते. तपासणीच्या पेटीवर, म्हणजे सिम्युलेटरवर, यंत्र चालते की नाही हे कळते, पण ते अचूक आहे की नाही हे कळत नाही. अचूकता ठरते कारखान्यात, निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचे धमनीतले रक्त काढून, त्याच्याशी आकडे जुळवून. माणसांना ७० टक्क्यांखाली नेणे सुरक्षित नसते, म्हणून ७० च्या खालचे सगळे आकडे नुसते अंदाजाने पुढे ओढलेले असतात. ७० ते १०० मध्येही दोन-तीन टक्क्यांचा फरक मान्य असतो, आणि तोही सगळ्या वाचनांना लागू नसतो, साधारण तीनपैकी दोन वाचनांना असतो. म्हणजे ९४ दिसले तर खरे ९१ असू शकते.

आणि ही जुळवणी कोणाच्या बोटांवर झाली? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनांत निदान १० माणसे पुरेशी होती आणि त्यांत गडद वर्णाची किमान २ किंवा १५ टक्के, यांतली जी संख्या मोठी असेल तेवढी. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के आढळले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने चाचणीत माणसांची संख्या आणि वर्णांची विविधता खूप वाढवण्याचा मसुदा काढला. आमच्याकडे उन्हात राबणाऱ्या माणसांचे हात कोणत्या रंगाचे असतात हे सांगायला नको. चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूला, म्हणजे यंत्र आहे त्यापेक्षा बरे दाखवते. म्हणून श्वास लागलेल्या रुग्णाचा आकडा ९३-९४ असेल तर ‘नॉर्मल’ लिहून घरी पाठवू नये. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक असतील तर ते जलद आहेत, मग बोटावर काहीही दिसो.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो घराघरातला प्रश्न आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल हाताने धरते, लवकर सोडते. त्यामुळे पुष्कळ रुग्णांचा आकडा ते चांगले असतानाही ९५ च्या खाली असतो. अशा मुलाला ९३ वर पाहून कोणी घाबरते, तर नेहमी ९८ असणाऱ्या मुलाला ताप आणि छातीत दुखत असताना ९४ आले तर कोणाला विशेष वाटत नाही. खरे तर दुसऱ्या मुलाची फुप्फुसे धोक्यात असू शकतात. नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन किंवा अधिक टक्क्यांची घट हा रुग्णालयात हलवण्याचा इशारा आहे. पण नेहमीचा आकडा लिहिलेलाच नसेल तर घट मोजायची कशावरून? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर, तो बरा असताना दोन-तीन वेगवेगळ्या भेटींत, गरम हातावर, स्वच्छ लहर पाहून घेतलेला आकडा लिहावा, एवढीच मागणी आहे. त्याला वेगळा पैसा लागत नाही.

आता रक्तक्षयाची गोष्ट. गरोदर बाई फिकट पडलेली, दोन पावले चालली की दम लागतो, आणि ऑक्सिमीटर ९९ दाखवतो. यंत्र खोटे बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेले आहे, एवढेच त्याला कळते. गावात तीनच बंड्या असल्या आणि तिन्ही कापसाने गच्च भरलेल्या असल्या, तरी बाजारात माल तीनच बंड्यांचा जाणार. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असलेल्या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात साडेअठरा मिलिलिटर ऑक्सिजन असतो, ५ ग्रॅमवालीच्या रक्तात साडेसहा. दोघींच्या बोटावर ९९. प्रकाशाच्या जास्त लहरी वापरून न टोचता हिमोग्लोबिन सांगणारी यंत्रेही आता विकली जातात. गावभर चाळणी करायला ती उपयोगी आहेत, पण त्यांचा आकडा एक-दोन ग्रॅमने चुकू शकतो. गरोदरपणात ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय धरतात. तिथे यंत्र ८ दाखवते आणि खरे ६.५ असते, असे घडले तर बाईचा जीव जाऊ शकतो. अशा ठिकाणी रक्ताचा थेंब घ्यावाच.

८५ चे आता सांगतो. लहर तुटक असताना ८५ च्या आसपास आकडा घुटमळत असेल तर तो गोंधळ आहे, पुन्हा मोजा. पण लहर स्वच्छ, पीआय चांगला, नाडी मनगटाशी जुळते, ओठ निळसर, ऑक्सिजन जोरात सुरू, आणि तरीही आकडा ८५ सोडत नाही, तर रक्तात मेथहिमोग्लोबिन असण्याची दाट शक्यता आहे. हे बिघडलेले हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखे शोषते, म्हणून गुणोत्तर १ आणि आकडा ८५. विदर्भात याची तीन कारणे ओळखीची असायला हवीत. कुष्ठरोगाच्या उपचारातली डॅप्सोनची गोळी. कपाशीवर अळीसाठी फवारले जाणारे इंडोक्साकार्ब पोटात गेले तर. आणि नायट्रेट मुरलेल्या विहिरीचे पाणी वरच्या दुधात घालून तान्ह्या बाळाला पाजले तर. पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडणाऱ्या जिल्ह्यांत केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालाने वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ यांची नावे घेतली आहेत. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, हेही आशाताईंनी घराघरात सांगावे. दवाखान्यात करायची परीक्षा सोपी आहे : रक्ताचा थेंब पांढऱ्या गाळणकागदावर टाका. साधे काळपट रक्त हवेत थोड्या वेळाने लालबुंद होते, मेथहिमोग्लोबिनवाले चॉकलेटी ते चॉकलेटीच राहते. यावरचे औषध मेथिलीन ब्लू, पण ते टोचल्यावर काही मिनिटे ऑक्सिमीटरचा आकडा आणखी कोसळतो, कारण औषधाचा निळा रंगच लाल प्रकाश गिळतो. त्या वेळी घाबरून जाऊ नये. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या रुग्णात मात्र हे औषध घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

याच्या उलट फसवणूक शेगडीची. थंडीत दार लावून कोळसा पेटवून झोपलेली माणसे सकाळी बेशुद्ध सापडतात. कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखेच दिसते. यंत्र ९८-९९ दाखवते आणि माणूस गुदमरलेला असतो. येथे आकडा बघत बसू नये. दारे उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे, मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू करावा आणि १०८ ला फोन करावा.

फवारणीच्या विषबाधेकडे परत येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या वृत्तपत्रानेही पाहिले आहे. ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या विषात तोंडाला लाळ सुटते, फुप्फुसात स्राव भरतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. सुरुवातीला आकडा ९७-९८ असणे अगदी शक्य आहे, म्हणून त्या आकड्यावर कोणाला घरी सोडू नये. आकड्यापेक्षा यंत्रावरची नाडी येथे लवकर बोलते. घामाने चिंब माणसाची नाडी जलद असायला हवी, ती ६० च्या खाली दिसली तर सावध व्हावे. ऑक्सिजन लावल्यानंतर तर आणखी काळजी हवी. नळीतून ऑक्सिजन जात असताना श्वास उथळ आणि मंद झाला तरी आकडा बराच वेळ ९८-९९ राहतो, तोवर आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावून निघालेल्या अशा रुग्णाचा दर मिनिटाचा श्वास दर दहा मिनिटांनी मोजून लिहिला पाहिजे. केवळ चिमट्याकडे बघत केलेला यवतमाळ, अकोला किंवा नागपूरचा प्रवास सुरक्षित नाही.

तान्ह्या बाळाच्या बोटाला मोठ्या माणसाचा चिमटा लावलेला आम्ही नेहमी पाहतो. बोट आत हरवते, प्रकाश बाजूने निसटून सरळ खिडकीवर पडतो आणि आलेला आकडा निरर्थक असतो. बाळासाठी गुंडाळायचा प्रोब हवा, तो तळपायाला किंवा तळहाताला असा लावायचा की दिवा आणि खिडकी बरोबर समोरासमोर येतील. पट्टी घट्ट ओढू नये, दर चार तासांनी जागा बदलावी. अशा प्रोबने आणखी एक मोठे काम होते. जन्मानंतर २४ तासांनी बाळाचा उजवा हात आणि कोणताही एक पाय मोजावा. दोन्हीकडे ९५ किंवा अधिक आणि फरक ३ पेक्षा जास्त नसेल तर ठीक. कुठेही ९० च्या खाली आले तर लगेच मोठ्या रुग्णालयात. मधले काही आले तर तासाभराने पुन्हा. हृदयाचे जन्मजात गंभीर दोष अशाने घरी जाण्याआधी लक्षात येतात. उजवाच हात घ्यायचा, कारण त्या हाताचे रक्त हृदयातून बाहेर पडल्यावर आधीच्या फांदीतून येते, पायाचे नंतर.

बाळाची कावीळही प्रकाशाने मोजता येते. कपाळावर किंवा छातीच्या हाडावर यंत्र उभे टेकवले की ते निळ्या आणि हिरव्या प्रकाशातला फरक पाहून बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीतल्या पिवळ्या द्रव्याचा, अंदाज देते. आकडा उपचाराच्या रेषेपासून ३ मिलिग्रॅमच्या आत किंवा १५ पर्यंत पोहोचला तर रक्त तपासावेच. निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळावर हे यंत्र वापरू नये. दिव्याने कातडीतला पिवळेपणा आधी जातो, रक्तातला मागे राहतो, आणि उपचार थांबवल्यावरही निदान २४ तास त्यावर भरवसा नसतो.

शेवटी बाजारातल्या एका जाहिरातीबद्दल. न टोचता साखर दाखवणारी घड्याळे आणि अंगठ्या तालुक्याच्या दुकानांत आणि मोबाईलवर विकल्या जात आहेत. १०० मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅम म्हणजे एक हजारात एक भाग. साखर ज्या अवरक्त पट्ट्यात प्रकाश शोषते तिथे पाणी कितीतरी जास्त शोषते, आणि कातडीत सगळीकडे पाणीच. घाम, ताप, घड्याळाचा पट्टा सैल होणे यांनी पडणारा फरक साखरेच्या फरकाहून मोठा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नसल्याचा जाहीर इशारा दिला. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने या आकड्यावर डोस ठरवला तर साखर एकदम उतरून तो रात्रीत बेशुद्ध पडू शकतो. मोबाईलच्या फ्लॅशवर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपचेही तसेच, नाडीपुरते ठीक, ऑक्सिजनसाठी नाही. आपल्या वृत्तपत्राने अशा जाहिराती छापताना विचार करावा, ही विनंती.

जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांकडे आमचे मागणे असे आहे. पुढची खरेदी करताना लहर आणि पीआय दोन्ही दाखवणारीच यंत्रे घ्यावीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्यांचा, मुलांचा आणि नवजाताचा असे तीन प्रोब असलेले हाती धरायचे एक यंत्र असावे. प्रोबची वायर यंत्राभोवती घट्ट गुंडाळल्याने ती मानेशी तुटते, म्हणून ती सैल वेटोळे करून ठेवण्याची सूचना पेटीवरच चिकटवावी आणि एक जादा प्रोब सोबत घ्यावा. नोंदवहीत आज एकच रकाना आहे. त्याऐवजी ऑक्सिजन, नाडी, श्वास, लहर चांगली की नाही, आणि ऑक्सिजन सुरू होता की साध्या हवेवर, असे पाच रकाने करावेत. हे सगळे मृगाच्या पेरणीआधी, म्हणजे फवारणी सुरू व्हायच्या निदान महिनाभर अगोदर, आशाताई आणि सिस्टरांच्या मासिक बैठकीत प्रत्यक्ष हातावर यंत्र लावून शिकवता येईल. दोन तास पुरतात. त्याच बैठकीत प्रत्येकीने आपापले यंत्र आणावे, खिडकी पुसावी, सेल बदलावेत, पेन्सिलची परीक्षा करावी, आणि नापास झालेली यंत्रे तिथेच जमा करून घ्यावीत.

आपले,
वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती व प्रशिक्षण करणारे काही तंत्रज्ञ,
यवतमाळ जिल्हा